फाटकाचे चार स्क्रू

बाळाच्या त्या जुन्या कॉटमध्ये तिचा फायदा काय होता, ते आधीच सांगितलेलं बरं. यादीतल्या एक्कावन्न वस्तूंपैकी पहिलीपुढे बरोबरची खूण झाली असती, बालसंगोपन कार्यालयातल्या अधिकारीबाईंच्या कपाळावरची एक आठी कमी झाली असती, आणि आत्याचं तोंड निदान संध्याकाळपर्यंत बंद राहिलं असतं. एका कॉटमध्ये तीन फायदे. आणि जो माणूस मधे तडमडला, त्याचा फायदा? शून्य. म्हणून तर तिला त्याचा जास्त राग आला. स्वार्थासाठी आडवं येणाऱ्याशी निदान घासाघीस तरी करता येते.

जुन्या सामानाचं दुकान होतं. बाहेर पाऊस पडावं की नाही अशा विचारात होता आणि आत दुकानदार कॉटला सुतळी गुंडाळत होता. तेवढ्यात शेजारी कपाटांच्या बिजागऱ्या चाळत उभा असलेला एक माणूस वळला. केसांत लाकडाचा भुसा, कानामागे पेन्सिल. त्याने फळीवरचा एक रिकामा डबा उचलला आणि कॉटच्या दोन गजांमधून सहज आरपार नेला.

"बाळ यातून पायाकडून बाहेर येतं," तो शांतपणे म्हणाला, "डोकं मात्र मागे राहतं."

तिचा हात गजावरून आपोआप खाली आला. दुकानदाराने सुतळी टाकली आणि त्या माणसाकडे असं पाहिलं, की डब्याऐवजी त्यालाच गजांतून आरपार काढावं.

"मग आता?" ती म्हणाली. आवाजात भांडण होतं.

"मग काय... घ्या. लाकूड चांगलं आहे. मधे एकेक गज वाढवून देतो. सुतार आहे मी."

म्हणजे फायदा होता तर, असं तिच्या मनात आलं आणि तिला एकदम बरं वाटलं. का बरं वाटलं, ते मात्र तिने तपासलं नाही. दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवणाऱ्यांचं स्वतःचं पान बहुधा कोरंच असतं.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या लॅबमध्ये दहा वर्षं बसून तिने अर्ध्या गावाच्या आजी-आजोबांच्या तोंडात हसू बसवलं होतं. वय एकतीस. आईवडील नव्हते. खालच्या खोलीत आत्या, वरच्या खोलीत ती, आणि मधे अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना. ज्या आईवडिलांना काही काळ आपली लेकरं सांभाळता येत नाहीत त्यांची तान्ही, रांगती मुलं आपल्या घरी आणायची, जीव लावायचा आणि त्यांचे दिवस पालटले की परत पाठवायची, असा अर्ज तिने केला होता. "लावायचा आणि परत द्यायचा? जीव म्हणजे काय वाचनालयातलं पुस्तक आहे?" असं आत्याने विचारलं होतं. मग दुसऱ्याच दिवशी आत्यानेच गुपचूप सहा लंगोट शिवून ठेवले होते.

कोण येणार हे ठाऊक नसल्यामुळे सगळ्यांचीच तयारी करावी लागत होती. शून्य ते तीन वर्षं. म्हणजे दुधाच्या बाटलीचं बारीक भोकाचं बूच आणि मोठ्या भोकाचंही, अंघोळीचा टब आणि त्यात न घसरणारी चटई, मान न धरणाऱ्यासाठी दुपटी आणि पळ काढणाऱ्यासाठी बूट. ती लॅबमधून आली की कपाट उघडायची, घड्या मोजायची, बंद करायची. पाणी प्यायला म्हणून उठायची आणि पुन्हा कपाटापाशीच थांबायची. फोन वाजला की आत्याच्या आधी धावायची. तो वीजबिलाचा निघायचा.

अशा घरात सुतार शनिवारी हत्यारांची पिशवी घेऊन आला, आणि दारातच गुडघ्यांवर बसला.

आत्याला वाटलं, पाया पडतोय. तिने आशीर्वादाला हात उचललाही. पण तो रांगत तिच्या पायांजवळून पुढे गेला, टेबलाखालून निघाला, कपाटाच्या कोपऱ्यापाशी थबकला, पेन्सिलीने खूण केली आणि भिंतीकडेने पुढे सरकला. त्याची हीच रीत होती. घर आधी पोराच्या डोळ्यांनी बघायचं. उभ्या माणसाला घर दिसतच नाही, असं त्याचं म्हणणं.

"चला, अर्जदार," तो खालून म्हणाला. "तुम्हीही या."

"मी?"

"पोर तुमच्याकडे येणार आहे ना? की माझ्याकडे?"

ती ओढणी कमरेला खोचून खाली बसली. एकतिसाव्या वर्षी स्वतःच्या घरात पहिल्यांदा रांगली. तिला दिसलं, की सोफ्याखाली एक खिळा तोंड वर करून बसलाय, की पलंगाच्या कडेला बोट चिमटेल अशी फट आहे, की साबणाचा डबा नेमका हाताशी आहे. आणि हेही दिसलं, की त्या माणसाच्या पापणीवरसुद्धा भुसा आहे. एवढ्या जवळून माणूस बघायची तिला सवय होती, पण ती माणसं तोंड उघडून बसलेली असायची आणि त्यांच्या तोंडात दात नसायचे.

"काय बघताय?" त्याने विचारलं.

"वरचे दोन जरा पुढे आहेत तुमचे," ती म्हणाली आणि घाईघाईने कपाटामागे वळली.

जाताना त्याने पिशवीतून पुठ्ठ्याची एक नळी काढून तिला दिली, कागदाची गुंडाळी संपल्यावर उरते तशी. जे या नळीतून जातं ते पोराच्या घशात जातं, तेव्हा ते जमिनीपासून चार फूट वर. नियम साधा होता आणि घरावर वरवंटा फिरवणारा होता. नाणी गेली, बांगडीचे तुकडे गेले, पेनांची टोपणं गेली. आत्याची बटणांची बरणी गेली तेव्हा तिने दिवसभर अबोला धरला. संध्याकाळी तिने आपली कवळी काढून भाचीपुढे ठेवली आणि ही पण तपास म्हणाली. कवळी नळीत अडकली. आत्याने ती विजयाने परत बसवली आणि त्यानंतर सुताराला चहासोबत दोन बिस्किटं जास्त मिळू लागली.

गजांचं काम झालं. मग कपाटांच्या कड्या, मग खिडक्यांच्या साखळ्या, मग टेबलाचे कोपरे. सुतार चार दिवसांचं काम आठ दिवस करत होता. दर खेपेला काहीतरी उरायचं. एकदा बिजागरी विसरला, एकदा पॉलिश वाळायचं राहिलं, एकदा तर तो स्वतःची मोजपट्टीच ठेवून गेला आणि तीन गल्ल्यांवरून ती न्यायला परत आला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात दोघंही सारखेच तरबेज. ती म्हणायची, पॉलिश वाळायला इतका वेळ? तो म्हणायचा, हवेत ओल आहे ना. बाहेर तेव्हा लख्ख ऊन असायचं.

एकदा खिडकीपाशी स्क्रू धरून उभी असताना तिने विचारलं, की रांगायची ही रीत कुठे शिकलात. त्याने खिडकीची साखळी एकदा ओढून पाहिली. मग म्हणाला, लहानपणी मीही असाच दोन वर्षं दुसऱ्यांच्या घरी होतो.

"त्या घराचं काहीच आठवत नाही. माणसांचे चेहरेसुद्धा... नाही. फक्त एका टेबलाची खालची बाजू आठवते. तिला रंग नव्हता लावलेला."

तिने हातातला स्क्रू दिला. त्याची बोटं तिच्या बोटांवर लागतात त्यापेक्षा जरा जास्त वेळ राहिली. मग त्याला खोकला आला... आणि तिला कुठलंसं काम आठवलं.

शेवटी जिन्याचं फाटक तेवढं उरलं. खालच्या पायरीशी, चार स्क्रूंवर भिंतीला बसवलेलं, पोराला उघडता येऊ नये आणि मोठ्यांना एका हाताने उघडता यावं असं. ते बसलं आणि यादीतल्या एक्कावन्न खुणा पूर्ण झाल्या. सुताराने पिशवी आवरली. दारात उगाच थोडा वेळ उभा राहिला. काही लागलं तर सांगा, असं म्हणाला. ती "हो" म्हणाली. आत्या आतून म्हणाली, "लागेल की."

त्यानंतरचे दोन दिवस घर इतकं सुरक्षित होतं, की त्यात काही घडणंच शक्य नव्हतं. ती कपाट उघडायची, घड्या मोजायची, बंद करायची. खिडकीपाशी जायची, साखळी ओढून बघायची. ती पक्की होती. सगळंच मेलं पक्कं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने लॅबमधला बारीक स्क्रूड्रायव्हर घरी आणला आणि फाटकाचा वरचा एक स्क्रू दोन फेरे सैल केला.

फाटक हलतंय असं कळवताच तो लगेच आला. फाटक हलवून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, स्क्रू आवळला, चहा प्यायला, दोन तास थांबला. चार दिवसांनी पुन्हा तसंच. या वेळी दोन स्क्रू. तो म्हणाला, भिंतच भुसभुशीत दिसते. ती म्हणाली, असेल बाई. आणि चोराच्या मनातलं चांदणं तोंडावर दिसू नये म्हणून चहात पुन्हा साखर घातली. त्याने तो दुप्पट गोड चहा तक्रार न करता संपवला. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

सोमवारी फोन वाजला, आणि या वेळी तो वीजबिलाचा नव्हता.

दोन भावंडं होती. बहीण अडीच वर्षांची, भाऊ आठ महिन्यांचा. आई आजारी, उपचार लांबणार. दोघांना एकत्र घेईल असं घर यादीत एकच होतं, तिचं. शुक्रवारी तपासणी, पास झाली तर शनिवारी मुलं घरी. नाही झाली तर मात्र दोघांना दोन घरांत ठेवावं लागेल, असं अधिकारीबाईंनी सांगितलं. ती मुलगी भावाचा पाय हातात धरल्याशिवाय झोपत नाही, हेही सांगितलं. ते सांगायची तशी गरज नव्हती.

त्या दिवसापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. दुधाच्या बाटल्या तीनदा उकळल्या. कॉटशेजारी छोटी गादी घातली, गजांतून हात जाईल अशा बेताने, डोकं नाही. शुक्रवारच्या आधी सुताराला एकदा बोलवावं, सगळं बघून घ्यावं, असं तिला वाटलं. हे झालं वरचं कारण. आतलं कारण असं, की शनिवारी मुलं आली की तिला ना वेळ उरणार होता, ना निमित्त. तेव्हा ही एक शेवटची खेप, असं मनाशी ठरवून तिने बुधवारी संध्याकाळी चारही स्क्रू सैल केले. गुरुवारी दहाला तो येणार होता. शुक्रवार लांब होता.

गुरुवारी साडेनऊला दार वाजलं. दारात अधिकारीबाई होत्या. मुलं आजच हलवावी लागणार होती, म्हणून तपासणी आजच.

बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि पन्नाशीतले गुडघे कुरकुरत असताना सरळ खाली बसल्या. त्याही रांगतच तपासायच्या. सुतार चार वर्षं त्यांच्याच कार्यालयाची घरं तयार करत होता, रीत त्यांनी त्याच्याकडूनच उचलली होती. कड्या पाहिल्या. साखळ्या ओढल्या. कॉटच्या गजांमध्ये डबा घालून पाहिला, गेला नाही. मग त्या टेबलाखाली शिरल्या आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत.

ती मात्र फाटकापुढे उभी होती. ओढणीआड लॅबचा स्क्रूड्रायव्हर, आणि पाठीमागे आंधळेपणाने चालणारी बोटं. एक स्क्रू... अर्धा फेरा... निसटला.

"सरका जरा," बाई म्हणाल्या. पोर लोंबकळेल तसा त्यांनी फाटकाला हिसडा दिला. फाटक भिंतीतून निघालं आणि त्यांच्या हातात आलं.

आत्याने तोंडावर पदर धरला. आणि नेमका तेव्हाच सुतार पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

त्याने फाटकाकडे पाहिलं, तिच्या ओढणीकडे पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवली.

"माझी चूक," तो म्हणाला. "घाई केली मी."

बाईंनी चष्मा पुसला. कारागिराची चूक असेल, तर ती माझ्यासमोर दुरुस्त करा, मी सही करते, मुलं दुपारी इथे येतील, असं त्या म्हणाल्या. फक्त या कारागिराचं नाव कार्यालयाच्या यादीतून आज कमी होईल. पोरांच्या जिन्यावर घाई करणारा माणूस त्यांना नको होता.

आता बघा, हिशेब किती सोपा होता. तिने गप्प राहायचं. दोन पोरं एकत्र राहतात, तिला घर भरलेलं मिळतं, आणि बिल जातं त्याच्या नावावर, तेही त्याने स्वतः मागून घेतलेलं. एखाद्या शहाण्या माणसाने जीभ टाळूला चिकटवून ठेवली असती.

"स्क्रू मी सैल केले," ती म्हणाली.

"का?" बाईंनी विचारलं.

तिने सुताराकडे पाहिलं नाही. "त्यांना यावं लागावं म्हणून."

आत्या म्हणाली, "अगं, कुंपणानेच शेत खाल्लं की," आणि खाली बसली.

अधिकारीबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कागद काढला. अर्जदाराने स्वतः घर असुरक्षित केलं, तर सहा दिवस थांबायचं आणि पुन्हा तपासणी, असा नियम होता. खरं बोललात म्हणून सहा दिवस, त्या म्हणाल्या, नंतर कळलं असतं तर कधीच नाही. मग दारात वळून म्हणाल्या, "त्या मुलीला आज संध्याकाळी मी काय सांगू, ते मात्र मला ठाऊक नाही."

सुतार निघून गेला. पिशवीसुद्धा विसरला. या वेळी खरोखर.

ते सहा दिवस कसे गेले, ते विचारू नये. ती लॅबमध्ये कवळीच्या खालच्या बाजूला वरचे दात बसवायची. घरी गादीजवळ बसायची. दुसऱ्या दिवशी काहीतरी सांडलं म्हणून ती टेबलाखाली शिरली आणि वर बघून तिथेच राहिली. टेबलाची खालची बाजू रंगवलेली होती. एक मासा, एक गोगलगाय, ढगातून डोकावणारा उंट. आणि कोपऱ्यात, ओढणी कमरेला खोचून रांगणारी एक बाई, तोंडभर हसणारी, एकूणएक दात नीट मोजून काढलेले. म्हणजे अधिकारीबाई टेबलाखाली इतका वेळ हेच बघत होत्या. ती लॅबमध्ये असताना त्याला दार कोण उघडायचं, हे तिने आत्याला विचारलं नाही. आत्याही छताकडे बघत राहिली.

पाचव्या दिवशी तो पिशवी न्यायला आला. रिमझिम होती. आत न येता पायरीवरच उभा राहिला.

"तू मला बोलवायचं होतंस," तो म्हणाला. पहिल्यांदाच तू. रागात आलं, पण आलं. "नुसतं 'ये' म्हणायचं. स्क्रू कशाला?"

"तुम्ही आला असतात?"

"मी मोजपट्टी विसरून तीन गल्ल्या परत आलो. माणूस मोजपट्टी विसरतो... सुतार?"

तिला हसू आलं नाही. ती म्हणाली, माझ्यामुळे ती मुलगी...

"तुझ्या एकटीमुळे नाही." त्याने ओल्या केसांवरून हात फिरवला. "हाताने काढलेल्या स्क्रूचं भोक गोल राहतं. ओढून निघालेल्याचं फाटतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. कळूनही गप्प बसलो, भिंतीला नावं ठेवली. मला यायचं होतं ना. म्हणून त्या दिवशी म्हणालो माझी चूक, ते खोटं नव्हतं. कार्यालयात जाऊन हे सगळं लिहून देऊन आलोय."

"मग?"

"बाई म्हणाल्या, दोघांनाही सहा दिवसच पुरेत."

दोघं पायरीवर बसली. मधे पिशवी होती. मग नव्हती. त्याचा खांदा ओला होता आणि तिला उठावंसं वाटत नव्हतं.

सातव्या दिवशी अधिकारीबाईंनी फाटकाला तीन हिसडे दिले. ते हललं नाही; मुलं दुपारी येणार हे ठरलं. मग त्यांनी फॉर्म उघडला आणि विचारलं, घरात नेहमी येणारी इतर माणसं कोण? सुतार म्हणाला, कारागीर. आत्या म्हणाली, लिहा, जावई. बाईंनी दोन्ही लिहिलं नाही, त्या जागी पेन्सिलीने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या महिन्यात येईन तेव्हा शाईने लिहू म्हणाल्या.

पेन्सिल पुसायला तो पंधरा दिवसांनी आला, खिशात अंगठी घेऊन. तिने अंगठी हातात घेतली, पाहिली, लाजली... आणि ओट्यावरची पुठ्ठ्याची नळी उचलली. अंगठी टुपकन आरपार पडली.

"या घरात चालणार नाही," ती म्हणाली.

"नियम माझाच," तो म्हणाला आणि कपाळ धरलं.

दोन दिवसांनी त्याने दुसरी आणली. कॉटच्या उरलेल्या गजाचे तुकडे जोडून बनवलेलं गुळगुळीत लाकडी कडं, नळीच्या दुप्पट रुंदीचं. तिने ते जेमतेम हातात घेतलं असेल, तोच कडेवरच्या आठ महिन्यांच्या साहेबांनी ते ओढून तोंडात घातलं आणि हिरड्यांनी असं कराकरा दाबलं, की काढून घ्यायची सोय राहिली नाही. संध्याकाळी त्यावर एक बारीकशी खूण दिसली. दातांच्या धंद्यातली बाई ती, खिडकीपाशी नेऊन तिने ती पुन्हा पुन्हा पाहिली. पहिला दात. तिच्या साखरपुड्यावर उमटलेला.

आता हिशेब. तिला दोन पोरं मिळाली, तीही परत द्यायच्या बोलीवर, आणि एक माणूस, न परत द्यायच्या. त्याला टेबल मिळालं, खालून रंगवलेलं. आत्याला जावई मिळाला आणि चार फूट उंचावर का होईना, बटणांची बरणी. अधिकारीबाईंना शाईने भरलेला रकाना मिळाला. बाळाला कडं.

आणि भरलं कुणी? ते अडीच वर्षांच्या पोरीने भरलं. सहा संध्याकाळी, परक्या घरात, हातात भावाचा पाय नसताना. आता ती गजांतून हात घालून तो पाय धरूनच झोपते, आणि दुपारी टेबलाखाली उंटाशी बोलत पडते. पण रोज सकाळी उठली, की कुणाशी काही बोलायच्या आधी जिन्याशी जाते, दोन्ही मुठींनी फाटक धरते आणि अंगातला सगळा जोर लावून हलवून बघते.

ते दोघं हातातलं काम टाकून, श्वास रोखून, तिच्या मागे उभे राहतात. फाटक हलत नाही. मगच ती दूध मागते.